पूलचे पंच खरंच इतके चुकतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘दोन-तीन वर्षं रात्री जागून नाइन-बॉलच्या (1 ते 9 नंबरच्या बॉलांनी खेळायच्या पूलच्या) मोठ्या स्पर्धा बघतोय. स्नूकरमध्ये पंच टेबलाशी उभा असतो, एकेक गुण पुकारतो. पूलमध्ये निम्म्या सामन्यांत पंच दिसतच नाही, दिसला तर ढळढळीत फाउल सोडतो. समालोचक एकतर पंचावर घसरतात, नाहीतर गप्पा मारत बसतात. व्यावसायिक पातळीवर दर्जा इतका खाली का?’

मी 22 वर्षं पंचगिरी करतोय. सुरुवात पुण्यातल्या एका क्लबात स्नूकरपासून झाली, तीही तिथल्या मार्करच्या, म्हणजे टेबलं सांभाळून गुण मांडणाऱ्याच्या, हाताखाली. नंतर पूलकडे वळलो, राज्य पातळीवरच्या स्पर्धा केल्या, आणि गेली काही वर्षं स्थानिक सामन्यांच्या थेट प्रक्षेपणात माइकवरही बसतो. म्हणजे तुम्ही ज्या दोन खुर्च्यांबद्दल विचारताय, त्या दोन्हींत मी बसलोय. तुमची तक्रार बिनबुडाची नाही. पण तिच्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात: टेबलावर पंचच नसणं, पंचाचा निर्णय बरोबर असूनही चूक वाटणं, आणि पंच खरोखर चुकणं. बघणाऱ्याला या तिन्ही सारख्याच दिसतात, कारण त्यांतला फरक सांगायचं काम समालोचकाचं असतं आणि तो तो सांगत नाही.

आधी पंच नसण्याचं बघू. तुम्ही स्पर्धेची कुठली फेरी आणि कुठलं टेबल बघताय, यावर सगळं अवलंबून आहे. शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात जागतिक स्नूकर स्पर्धेच्या मुख्य फेरीत 32 खेळाडू आणि दोन टेबलं असतात. प्रत्येक टेबलाला पंच देणं तिथे सहज जमतं. यूएस ओपन नाइन-बॉल 2019 मध्ये मॅचरूम या आयोजक कंपनीकडे आली तेव्हा 256 जण खेळले होते. इतक्या खेळाडूंचे सुरुवातीचे सामने एका मोठ्या हॉलमध्ये ओळीने मांडलेल्या टेबलांवर एकाच वेळी चालतात. तिथे दर टेबलाला पंच नसतो, फिरते पंच असतात. नियम असा की पंच नसेल तर खुर्चीत बसलेला प्रतिस्पर्धीच पंचाचं काम करतो. अवघड फटका येणार असं दिसलं की त्याने खेळ थांबवायचा, हात वर करायचा, आणि फिरता पंच येऊन समोर उभा राहीपर्यंत कुणी खेळायचं नाही. त्याने हात वर केला नाही आणि फाउल झाला, तर पुढचा फटका सुरू होण्याआधी बोलायला हवं. पुढचा फटका सुरू झाला की आधीचा फाउल झालाच नाही असं धरतात.

म्हणजे बाजूच्या टेबलावरच्या प्रक्षेपणात तुम्हाला ‘सोडलेला’ फाउल दिसतो, तेव्हा बहुतेक वेळा सोडणारा पंच नसतोच. खुर्चीतल्या खेळाडूने वेळेवर हात वर केलेला नसतो. समालोचकाने एवढं एक वाक्य सांगितलं तरी तुमचा निम्मा राग जाईल.

दुसरी गोष्ट माझ्या जास्त जिव्हाळ्याची आहे: बरोबर असूनही चूक वाटणारा निर्णय. भारतात आपण बहुतेक जण स्नूकरवरून पूलकडे येतो आणि स्नूकरचे नियम डोक्यात घेऊनच बघायला बसतो. दोन खेळांत एक जागा अशी आहे की नियम बरोबर उलटे आहेत. स्नूकरमध्ये व्हाइट, म्हणजे क्यूने (काठीने) मारायचा पांढरा बॉल, दुसऱ्या बॉलला चिकटला असेल तर पंच ‘टचिंग बॉल’ पुकारतो. खेळाडूने तिथून लांब खेळायचं असतं, चिकटलेला बॉल हलला तर फाउल. आणि चिकटलेला बॉल ‘ऑन’ असेल, म्हणजे त्या फटक्यात आधी लागायला हवा तोच असेल, तर त्याच्यापासून लांब खेळलं तरी तो लागला असं मानतात. पूलमध्ये चिकटलेल्या बॉलच्या दिशेने सरळ फटका मारता येतो. तो बॉल हलला की लागला, फाउल नाही. उलट त्याच्यापासून लांब खेळलात तर तो लागला असं मानत नाहीत, दुसरं काही कायदेशीर लागलं नाही तर फाउल. स्नूकरमध्ये मुरलेल्या माणसाला पूलचा अगदी योग्य निर्णयही डोळ्यांना खुपतो. माइकवर बसलेलाही त्याच परंपरेतून आलेला असेल तर तो तुमच्याआधी ‘अरे!’ म्हणतो आणि तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवता.

हे चिकटणंही जाहीर व्हावं लागतं. पूलमध्ये कुणी सांगितलं नसेल तर बॉल चिकटलेला नाही असंच गृहीत धरतात, आणि फटक्याआधी ते विचारून घ्यायची जबाबदारी मारणाऱ्याची. कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेला, टेकलेल्या बॉलचंही असंच. म्हणून चांगला पंच अशा वेळी वाकतो, दोन बाजूंनी बघतो आणि मोठ्याने सांगतो. टीव्हीवर तुम्हाला फक्त त्याचं वाकणं दिसतं. त्याने काय सांगितलं ते त्याला माइक लावलेला असेल तरच कळतं, आणि लहान स्पर्धांत तो लावलेला नसतो.

आता सगळ्यात जास्त भांडणं ज्यावरून होतात तो फाउल, म्हणजे डबल हिट: एकाच फटक्यात क्यूची टिप (टोक) व्हाइटला दोनदा लागणं. व्हाइट आणि समोरचा बॉल यांच्यात चॉकच्या ठोकळ्यापेक्षा कमी अंतर असलं की पंचाचे कान उभे राहतात. समजा अंतर 3 मिलिमीटर आहे आणि व्हाइट सेकंदाला 2 मीटर वेगाने निघाला. तो समोरच्या बॉलला दीड मिलिसेकंदात पोचतो, आणि क्यूची टिप पहिल्यांदा व्हाइटला टेकलेली असतेच साधारण एक मिलिसेकंद. सेकंदाला 50 चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमधलं अंतर 20 मिलिसेकंदांचं असतं. म्हणजे सगळा प्रकार दोन चित्रांच्या मधल्या फटीत होऊन जातो. प्रक्षेपणातला साधा रीप्ले कितीही हळू दाखवला तरी टिप दुसऱ्यांदा लागलेली त्यात दिसणार नाही.

मग पंच कशावरून ठरवतो? नंतर व्हाइट काय करतो त्यावरून. दोन्ही बॉल सारख्या वजनाचे असतात. व्हाइटने समोरच्याला सरळ, पूर्ण ठोकलं तर त्याचा जवळजवळ सगळा वेग पुढच्याकडे जातो आणि व्हाइट क्षणभर तरी थबकतो. खेळाडूने व्हाइटच्या वरच्या भागावर मारून फॉलो, म्हणजे पुढची फिरकी, दिली असेल तर आधी थबकतो आणि मग फिरकीच्या जोरावर पुढे सरकतो. हा थबका डोळ्याला दिसतो. पण व्हाइट पुढच्या बॉलच्या मागोमाग, न थबकता, जवळजवळ त्याच वेगाने धावला तर त्याला दुसऱ्यांदा कुणीतरी ढकललंय, आणि तिथे क्यूशिवाय दुसरं काही नव्हतं. हाच फटका चिकटलेल्या बॉलवर असता तर दोघं बरोबर धावणं नैसर्गिक, तो फाउल नाही. म्हणून ‘चिकटलाय की नाही’ हे आधी जाहीर होणं इतकं मोलाचं.

एकदा एका क्लबातल्या उपांत्य सामन्यात मी असाच फाउल दिला. 4 नंबरचा बॉल आणि व्हाइट यांच्यात बोटाचं नखही जेमतेम जाईल एवढी जागा. मी आधीच सांगितलं होतं, चिकटलेला नाही. खेळाडूने क्यू आडवाच ठेवून मारला, दोन्ही बॉल जोडीने धावले, मी फाउल म्हटलं. खेळाडू काही बोलला नाही, त्याला हाताला कळलं होतं. घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं. समालोचक म्हणत होता, ‘रेफरीची चूक, बॉल चिकटलेला होता, हा शॉट क्लीन आहे.’ तो शेजारच्या खोलीत मॉनिटरसमोर होता, टेबलावरचा आवाज त्याच्यापर्यंत येतच नव्हता. खाली प्रतिक्रियांमध्ये शंभर जणांनी मला नावं ठेवली होती. त्या समालोचकाचं खेळाचं ज्ञान चांगलं होतं. माझं एक वाक्य त्याला ऐकू गेलं असतं तर त्याने तोच फटका शंभर जणांना नीट समजावला असता.

त्यानंतर मी माइकवरच्या माणसाशी सामन्याआधी खुणा ठरवून घेतो. चिकटलेला असेल तर दोन मुठी एकमेकींना टेकवून दाखवायच्या, नसेल तर तळहात समोरासमोर धरून मध्ये फट दाखवायची. कॅमेऱ्याकडे तोंड करून, दोन सेकंद. या खुणा कुठल्या नियमावलीत नाहीत, आमच्या आम्ही ठरवलेल्या आहेत. पण त्या आल्यापासून आमच्याकडचं समालोचन सुधारलं आणि माझ्यावरचा राग कमी झाला. मोठ्या स्पर्धांत पंचाचा माइक प्रक्षेपणाला जोडलेला असतो तिथे हा प्रश्न बराच सुटतो.

आता खऱ्या चुका. त्या होतात, आणि त्यांत माझ्याही आहेत. नाइन-बॉलमध्ये लागोपाठ तीन फाउल झाले की ती रॅक, म्हणजे तो डाव, जातो. पण खेळाडू दोन फाउलांवर असताना टेबलाशी येतो तेव्हा पंचाने त्याला बजावायला हवं. बजावलं नाही तर पुढचा फाउल तिसरा धरता येत नाही, दुसराच धरला जातो. एका राज्य पातळीवरच्या सामन्यात मधे मी चिकटलेला बॉल तपासायला वाकलो होतो, उठलो तो वेळेचा हिशेब बघत, आणि बजावणं राहिलं. त्या खेळाडूने फाउल केला. प्रतिस्पर्धी उठून हात मिळवायला निघाला, रॅक त्याची झाली असं त्याला वाटलं, आणि मला त्याला थांबवून सांगावं लागलं की नाही, माझ्याकडून राहिलं, हा दुसराच. त्याचा चेहरा अजून आठवतो. तो रॅक हरला आणि नंतर सामनाही. तेव्हापासून फाउल झाला की मी डाव्या खिशातलं नाणं उजव्या खिशात टाकतो. दोन नाणी उजवीकडे गेली की खेळाडू जागेवरून उठायच्या आत माझं तोंड उघडतं.

अशा चुका का होतात, याचं कारण माझ्या मते पंचाच्या कामाच्या स्वरूपात आहे. स्नूकरचा पंच दर पॉटनंतर (बॉल टेबलाच्या खिशात गेल्यावर) गुण पुकारतो, रंगीत बॉल परत जागेवर ठेवतो, सतत कामात असतो, त्यामुळे त्याचं लक्ष टिकतं. नाइन-बॉलमध्ये सगळं सुरळीत चाललं तर पंचाला रॅकभर बोलायला काही नसतं. चौदा तास हॉलमध्ये काढलेल्या माणसाला दहा मिनिटं शांत उभं राहून अकराव्या मिनिटाला दीड मिलिसेकंदाचा निर्णय द्यायचा असतो. स्नूकरच्या पंचांची जातच वेगळी, असं लोक म्हणतात तेव्हा मी मिकेला टॅब यांचं उदाहरण देतो. त्या पूलच्या पंच होत्या, तिथून स्नूकरकडे गेल्या, आणि 2009 साली जागतिक स्नूकर अंतिम सामन्याच्या पहिल्या महिला पंच झाल्या. पूलमधून तयार झालेली नजर तिथे पुरली. फरक पडतो तो वर्षभर नियमित, पगारी काम मिळतं का, यामुळे. आपल्याकडे बहुतेक पंच सुट्टी टाकून येतात.

पंच कुठे उभा राहतो हे बघायला शिका, त्यावरून तो कसा आहे ते तुम्हाला दोन फटक्यांत कळेल. कुठला बॉल आधी लागतो हे ठरवणं अवघड असेल तर तो फटक्याच्या रेषेला काटकोनात, बॉलच्या उंचीवर डोळे आणून, खेळाडूच्या नजरेबाहेर असायला हवा. खेळाडूच्या मागे उभा राहून पहिला कोण लागला हे सांगता येत नाही. आणि तिथेही तो लागण्याचा क्षण बघत नसतो, बॉल पांगतात कसे ते बघत असतो. 1 आणि 5 शेजारी-शेजारी आहेत, व्हाइट बरोबर मधोमध येतोय असं समजा. नाइन-बॉलमध्ये टेबलावरचा सगळ्यात लहान नंबरचा बॉल, म्हणजे इथे 1, आधी लागायला हवा. 1 आधी लागला तर 1 हा 5 च्या जवळजवळ दुप्पट वेगाने निघतो आणि व्हाइट मागे येताना 5 च्या बाजूला सरकतो. 5 आधी लागला तर हेच उलटं. दोन्ही खरोखर एकदम लागले तर दोघं सारख्या वेगाने पांगतात आणि व्हाइट सरळ मागे येतो, आणि मग शंकेचा फायदा मारणाऱ्याला. व्हाइट मधोमध नसेल तर हे प्रमाण बदलतं, म्हणून पंच फटक्याआधीच मनात चित्र तयार करून ठेवतो: असं झालं तर चांगला, तसं झालं तर फाउल. निर्णय द्यायला अर्धा सेकंदही न घेणारा पंच उतावळा नसतो, त्याने उत्तर आधीच काढलेलं असतं.

पंच काही वेळा खेळाडूला उत्तर देतो आणि काही वेळा मान हलवून गप्प राहतो, हेही लोकांना खटकतं. प्रतिस्पर्धी किती फाउलांवर आहे, स्कोअर काय, अमुक झालं तर नियम काय लागेल, ही वस्तुस्थिती त्याने सांगायचीच असते. ‘इथून 3 लागेल का?’ याचं उत्तर मात्र त्याने द्यायचं नसतं, कारण ते मत झालं.

आता समालोचन. इथे मी तुमच्याशी बराच सहमत आहे, फक्त कारण वेगळं मानतो. लोक म्हणतात समालोचकांना खेळ कळत नाही. बहुतेकांना उत्तम कळतो. समालोचक जिम विच स्वतः स्नूकर आणि पूल दोन्ही व्यावसायिक पातळीवर खेळलेले आहेत, दुसरा समालोचक कार्ल बॉयस नाइन-बॉलचा खेळाडू आहे. अडचण वेळेची आणि जागेची आहे. दिवसभराच्या प्रक्षेपणात तेच दोन-तीन जण तासन्‌तास बोलतात. तिसऱ्या सामन्यापर्यंत बोलायचं संपतं, मग प्रवासाच्या गोष्टी निघतात. आणि मोस्कोनी कपसारखी स्पर्धा, 1994 पासून चालत आलेली, युरोप विरुद्ध अमेरिका, गॅलरीत आरडाओरडा, दर फटक्याला 30 सेकंदांचं शॉट क्लॉक. तिथे समालोचकाकडून जोशच हवा असतो. तिथला सूर घेऊन कुणी साध्या साखळी सामन्यात बोलू लागला की ते कानाला बोचतं.

चांगलं समालोचन कसं असतं हे मला गावच्या कुस्तीच्या मैदानात कळलं. निवेदक ‘काय जबरदस्त कुस्ती!’ म्हणून थांबत नाही. पैलवानाने हात कुठे घातला ते बघून तो सांगतो, एकेरी पटाची तयारी आहे, खालच्याने पाय मागे घेतला नाही तर जाणार. डाव पडायच्या आधी नाव घेतो, म्हणून पाच हजार माणसं एकदम पुढे वाकतात. पूलमध्ये हे करायला फटक्याआधीचा वेळ असतो. 6 नंतर 7 वर कसं यायचं, व्हाइट दोन कुशनने फिरवायचा की थांबवायचा, कुठल्या बाजूला चुकलं तर निदान पुढे काही राहील, हे खेळाडू खाली वाकायच्या आत सांगायचं आणि क्यू हलताना गप्प बसायचं. ब्रेकनंतरचा (डावाच्या पहिल्या फटक्यानंतरचा) पुश-आउट हे तर समालोचकासाठी सोनं आहे: त्या फटक्याला ठरलेला बॉल लागायची अट नसते, आणि पुढे स्वतः खेळायचं की परत द्यायचं हे समोरचा ठरवतो. खेळाडू मुद्दाम असा फटका ठेवतो की समोरच्याला घ्यावा की परत द्यावा हे कळू नये. त्या एका निर्णयात दोघांच्या खेळाची पारख होते, आणि बऱ्याच प्रक्षेपणांत तेव्हाच कुणाच्या तरी वाढदिवसाची चर्चा चाललेली असते. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पॅट फ्लेमिंग यांच्या अ‍ॅक्यु-स्टॅट्स या पूल सामन्यांच्या टेप्स काढणाऱ्या कंपनीच्या जुन्या टेप्स मिळाल्या तर ऐका. ग्रेडी मॅथ्यूज आणि बिली इंकारडोना यांच्यासारखे खेळाडू तिथे बोलताना फटक्याआधी एकमेकांशी वाद घालतात, मी असा खेळलो असतो, नाही, मी तसा. आणि तिथे खेळ मोजण्याचं एक मापही होतं: पॉट केलेले बॉल भागिले पॉट अधिक चुका. 0.900 आला तर जागतिक दर्जाचा खेळ समजायचा. ‘मस्त खेळतोय’ म्हणण्याऐवजी समालोचकाला एक आकडा हाताशी मिळतो.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: बाहेरच्या टेबलांवर बहुधा पंच नसतो. टीव्ही टेबलावर असतो तेव्हा त्याचे बहुतेक निर्णय बरोबर असतात, पण ते ऐकू येत नाहीत. खऱ्या चुका नियम न कळण्यातून कमी आणि थकव्यातून जास्त होतात. आणि या तिन्हींतला फरक सांगणारा माणूस मॉनिटरसमोर बसलेला असतो.

शेवटी तुम्ही खाली जोडलं होतं, ‘मला स्वतःला पंच व्हायला आवडेल, पण कुठून सुरू करू?’ क्लबात दुपारी टेबल रिकामं असतं तेव्हा जा. व्हाइट आणि दुसरा बॉल 3 मिलिमीटरवर ठेवा, मित्राला आडव्या क्यूने पन्नास फटके मारायला सांगा आणि काटकोनात बसून फक्त व्हाइटचा थबका बघा. मग बॉल चिकटवून तेच पन्नास. मोबाइलवर सेकंदाला 240 चित्रांचं स्लो मोशन लावा, टिपचा दुसरा स्पर्श त्यातही दिसणार नाही, पण थबका स्वच्छ दिसेल. प्रत्येक फटक्याला आधी मोठ्याने निर्णय द्या आणि मग व्हिडिओ बघा. पहिल्या दिवशी माझे पन्नासपैकी सतरा चुकले होते. क्लबच्या मार्करला शेजारी बसवा, त्याचे तुमच्यापेक्षा कमी चुकतील.